माळ फोडताना माती राखा: यंत्राने शेतातले दगड काढायची रीत

टेंभू, म्हैसाळ आणि जिहे-कठापूर या उपसा सिंचन योजनांचं पाणी जसजसं पुढं सरकलं, तसतसं आटपाडी, जत, कवठे महांकाळ, खटाव, माण या तालुक्यांतल्या माळांना भाव आला. वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही बेभरवशाचा. त्यामुळं ज्या जमिनीत कालपरवापर्यंत शेरडं चरत होती, तिथं आज डाळिंब, द्राक्ष, ऊस लावायची गणितं मांडली जातात. पाणी आलं, पण दगड जागेवरच आहे. मग जेसीबी बोलावला जातो, दोन दिवस घरघर चालते, आणि शेत वरून गुळगुळीत दिसायला लागतं. पुढच्या वर्षी पीक मात्र पिवळं पडतं, कारण दगडाबरोबर मातीही बांधाला जाऊन पडलेली असते आणि शेतात मुरूम उघडा पडलेला असतो.

म्हणून कुठलंही मशीन लावण्याआधी एक हिशोब डोक्यात पक्का बसवा. एक एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. त्यावर एक इंच मातीचा थर म्हणजे ३,६३० घनफूट, म्हणजे ३६ ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट). ट्रॅक्टरची एक ट्रॉली साधारण ब्रासाची धरली, तर एक इंच माती गमावली की ३६ ट्रॉल्या गाळ विकत आणून टाकावा लागतो. माळावर मुळात माती असते सहा-आठ इंच. त्यातली दोन इंच बकेटबरोबर गेली तर एकराला ७० ट्रॉल्यांच्या वर खर्च बसला. दगड काढण्याचं खरं कौशल्य दगड उचलण्यात नाही, तो मातीपासून वेगळा करण्यात आहे. खालची सगळी रीत त्याच हिशोबावर उभी आहे.

आधी जमीन बघा, मग मशीन ठरवा

आपल्याकडचा दगड बेसाल्टचा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थर एकावर एक बसले, त्यातला काही कठीण काळा पाषाण राहिला, काही भुसभुशीत होऊन मुरूम झाला. हा खडक कुजतो तो भेगांच्या कडेनं. त्यामुळं मुरमाच्या पोटात मधला कठीण गाभा गोल धोंड्यासारखा शिल्लक राहतो. वरून डोक्याएवढा दिसणारा गोटा खाली बैलगाडीएवढा निघतो तो याच कारणानं. थंड मुलखात जमीन गोठते आणि दगड दरवर्षी आपोआप वर ढकलले जातात. आपल्याकडं बर्फ नाही. इथं पावसानं माती धुपते, नांगर खालचं वर आणतो आणि दगड उघडा पडतो.

लोखंडी पहार घ्या आणि दहा-पंधरा पावलांवर ठोकत सगळं रान फिरा. पहार किती जाते आणि कसा आवाज करते यावर खूप कळतं. मुरमात ती खरखरत जाते, सुट्या धोंड्याला लागली की ठक्‌ करून निसटते, आणि सलग खडक असला की जिथं ठोकाल तिथं एकाच खोलीवर टणकन अडते. शिवाय एकरी पाच-सहा ठिकाणी तीन फूट खोल खड्डे घ्या. माती किती इंच आहे, खाली मुरूम लाल आहे की पांढुरका, खडक कुठं लागतो, हे कागदावर रानाचा साधा नकाशा काढून त्यावर लिहा.

पांढुरक्या मुरमाकडं विशेष लक्ष द्या. तो बहुतेक चुनखडीचा असतो. तो वर आणून मातीत मिसळला की पिकाला लोह मिळत नाही आणि नवी पानं शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडतात. द्राक्षबागेत याचा त्रास वर्षानुवर्षं पुरतो. असा थर असेल तर खोल उकरायचंच नाही, वरचे दगड तेवढे काढायचे.

एक-दीड फुटावर सलग पाषाण लागत असेल तर माझं स्पष्ट मत आहे की तो तुकडा फोडत बसू नका. ब्रेकरचे (दगड फोडणाऱ्या यांत्रिक घणाचे) तास मोजता मोजता दुसरी चांगली जमीन घेण्याएवढे पैसे जातात. तिथं शेततळं, गोठा, कडब्याची गंज, नाहीतर गवताचं रान ठेवा. राहिले दोन प्रकार: वरचे सुटे गोटे आणि मातीत पुरलेले धोंडे. या दोघांसाठी मशीनही वेगळं आणि पद्धतही वेगळी.

कधी करायचं

रब्बीचं पीक निघालं की फेब्रुवारीपासून मेच्या मध्यापर्यंत. माती कोरडी हवी, कारण ओली काळी माती दगडाला आणि जाळीला चिकटते आणि वेगळी होत नाही. एप्रिलनंतर सगळीकडची कामं एकदम निघतात, मशीन वेळेवर मिळत नाही आणि घाईत माती जाते. काम अर्धवट असताना वळवाचा मोठा पाऊस झाला, तर मोकळी केलेली माती ओढ्यात जाते. म्हणून एका वेळी तेवढंच रान उघडा जेवढं आठवड्यात पूर्ण करून झाकता येईल.

मशीन येण्याआधीची तयारी

हद्दीचा वाद असेल तर आधी मोजणी करून घ्या. हद्दीचे दगड कुणाच्याही सांगण्यावरून हलवू नका, ते हलवले तर दंड होतो आणि भावकीत कायमचं वाकडं येतं ते वेगळंच. जमिनीखालची पाइपलाइन, ठिबकची मेन, मोटारीची केबल यांवर फक्की टाकून खुणा करा. वरून वीजतार जात असेल तर तिच्याखाली ट्रॉलीचा डाला उचलायचा नाही, हे ड्रायव्हरला आधीच सांगून ठेवा.

काम तासावर द्यायचं की उक्तं, हा नेहमीचा प्रश्न. माझा कल तासाकडं आहे. उक्त्यात ऑपरेटरला काम उरकायचं असतं, आणि काम उरकायचा सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे माती-दगड सगळं ढकलून कडेला लावणं. तासावर देताना मशीनच्या मीटरचा आकडा सुरू करताना आणि बंद करताना वहीत लिहा आणि दोघांनी सही करा. पोकलेन असेल तर ती आणण्या-नेण्याचं ट्रेलरचं भाडं कुणाकडं, डिझेल कुणाचं, हे आधी बोलून घ्या.

पट्टा पद्धत

हा या कामाचा गाभा आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

रानाचे उताराला आडवे पट्टे पाडा. रुंदी मशीनचा हात पोहोचेल एवढी, साधारण वीस-पंचवीस फूट. पहिल्या पट्ट्यातली वरची सुपीक माती, जेवढी खड्ड्यात दिसली तेवढीच, काढून रानाच्या एका टोकाला ढीग घाला. पाच-सहा फुटांपेक्षा उंच ढीग करू नका आणि त्यावर मशीन चढवू नका. आता उघड्या पडलेल्या पट्ट्यातले धोंडे काढा, खड्डे मुरमानं बुजवा, सपाटी करा.

मग दुसऱ्या पट्ट्यातली वरची माती उचला आणि ती ढिगावर न नेता थेट पहिल्या पट्ट्यावर पसरा. तिसऱ्याची माती दुसऱ्यावर. असं करत शेवटच्या पट्ट्यापर्यंत जा. शेवटच्या पट्ट्यावर ती पहिल्यांदा काढून ठेवलेली ढिगातली माती येते. एवढ्यानं पहिला सोडून प्रत्येक पट्ट्याची माती एकदाच हलते, वाहतूक वाचते, मशीनचे तास वाचतात आणि सुपीक थर वरच्या वर राहतो. सगळ्या रानाची माती आधी काढून एकीकडं रचली तर सहा इंचांच्या थराला एकरी २१८ ब्रास माती दोनदा हलवावी लागते.

ऑपरेटरला ही पद्धत काम सुरू होण्याआधी रानात उभं राहून, काठीनं रेघा मारून दाखवा. चांगला ऑपरेटर पहिल्या पट्ट्यातच ती पकडतो. "दादा, घाई नाही, माती माझी आहे, ती राहू द्या," एवढं सांगितलं तरी हात सावध होतो.

पुरलेले धोंडे उपटणं

मोठ्या धोंड्यासाठी जेसीबीचं मागचं बकेट किंवा पोकलेन. धोंड्याला थेट दात लावून उचकटायला गेलं की मशीन हिसके खातं, दात मोडतात आणि भोवतीची माती उसवते. आधी उताराकडच्या बाजूनं धोंड्यालगत चर काढा, त्याचा पाया मोकळा करा. मग वरच्या बाजूनं दात घालून हलक्या हातानं चराकडं लोटा. धोंडा स्वतःच्या वजनानं कलतो. बाहेर आला की त्याच्यावरची माती जागेवरच पडू द्या.

जवळून पाहिलं तर चांगला आणि वाईट ऑपरेटर इथंच कळतो. चांगला ऑपरेटर धोंडा बकेटमध्ये घेतल्यावर हात लगेच फिरवत नाही. बकेट जमिनीपासून दोन-तीन फुटांवर धरतो, तोंड थोडं खाली झुकवतो आणि लिव्हर मागंपुढं करून दोन-चार झटके देतो. बकेटच्या कडेनं माती भुरभुर गळते, बारके खडे ठणठणत खाली येतात, धोंडा उघडा काळाभोर राहतो. मग तो बाजूला जातो. या झाडणीला प्रत्येक वेळी आठ-दहा सेकंद जास्त लागतात. ते सेकंद मागून घ्या.

एक घनफूट बेसाल्ट सुमारे ८० किलो भरतो. म्हणजे तीन फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच धोंडा जवळपास एक टनाचा. ट्रॉलीत सुटे दगड भरताना एक ब्रास साडेचार ते पाच टनांच्या घरात जातो, त्यामुळं उतारावर डाला गच्च भरू नका. भरलेली ट्रॉली आडव्या उतारावर वळवताना उलटते.

मशीनला न हलणाऱ्या धोंड्याचे तीन मार्ग आहेत. ब्रेकर लावून फोडणं, त्याचा दर बकेटपेक्षा बराच जास्त असतो. दुसरा, शेजारी खोल खड्डा घेऊन त्यात लोटून पुरणं. वर किमान चार फूट भरणी राहिली पाहिजे, नाहीतर पुढं नांगराला लागतो. तिसरा मार्ग वडार कारागिरांचा. धोंड्याची भेग ओळखून ओळीनं छिद्रं पाडायची, त्यात पाचरी बसवायच्या आणि घणाचे घाव क्रमानं घालत जायचे. दगड रेघेत उकलतो आणि बांधकामाला येईल असा घडीव तुकडा हाती येतो. धोंडे दहा-वीसच असतील तर हा मार्ग पुष्कळदा ब्रेकरपेक्षा परवडतो, आणि ते कसब बघण्यासारखं असतं. सुरुंगाचा विचार परवानाधारकाशिवाय करूच नका.

धोंडा निघाल्यावर राहिलेला खड्डा मुरमानं थराथरानं भरून दाबा, जमल्यास पाणी सोडा. नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात तिथं खळगा पडतो आणि पाणी साचतं.

मधले गोटे: नांगर, रेक आणि वेचणी यंत्र

धोंडे गेले की नारळाएवढे, मुठीएवढे गोटे राहतात. त्यांना वर आणायला पलटी नांगर घालू नका, तो मुरूम वर आणि माती खाली करतो. एकफाळी सबसॉयलर किंवा चिझल नांगर वापरा. तो जमीन उलथत नाही, नुसती फाडतो, आणि दगड फाळाला अडून वर येतात. ट्रॅक्टर पहिल्या गिअरला, आधी उताराला आडवं, मग त्याला काटकोनात. फाळ अडला तर क्लच दाबा, जोर लावू नका, आणि त्या जागी फक्कीची खूण करा. फाळाला जोडलेली शिअर बोल्ट मोडली तर तिच्या जागी जास्त कडक बोल्ट घालायचा मोह टाळा. ती मोडण्यासाठीच दिलेली असते, नाहीतर पुढं ट्रॅक्टरचा भाग मोडतो. रोटाव्हेटर या टप्प्यावर अजिबात नको, पाती तुटतात आणि दगड पुन्हा मातीत मिसळतात.

मग गोळा करणं. जेसीबीच्या पुढच्या सपाट बकेटनं खरडलं की माती जातेच. त्यापेक्षा बकेटला फटी असलेलं, गजांचं जाळीदार बकेट मागा. ते नसेल तर गावातल्या वेल्डिंगच्या दुकानात ट्रॅक्टरच्या मागं बसणारा दातऱ्यांचा रेक करून घेता येतो. दाते जाड पोलादी, पुढं किंचित वाकलेले, फट दोन-अडीच इंचांची. हा रेक ओढत नेला की माती फटीतून मागं राहते, गोटे ओळीला लागतात. यंत्राचा रेक याच कामाचा पुढचा प्रकार आहे. त्यात दात्यांचा आडवा ड्रम तिरका बसवलेला असतो, तो फिरत दगड एका बाजूला सारत जातो आणि रानात दगडांची सरळ ओळ पडते.

त्या ओळीवरून दगड वेचणी यंत्र चालतं. परदेशात याला मोठा वापर आहे, आपल्याकडं गावोगाव मिळत नाही, पण मिळालं तर ते कसं चालतं हे माहीत असावं. पुढं दाते किंवा पातं असतं, ते दोन-चार इंच जमिनीत शिरून माती आणि दगड एकत्र उचलतं. मागं फिरती जाळी किंवा गजांचा ड्रम असतो. खळ्यावर धान्य चाळावं तशी माती गजांतून खाली पडते आणि दगड वर सरकत मागच्या डब्यात जातो. डबा भरला की हायड्रॉलिकनं उचलून ट्रॉलीत ओतायचा. साधारण दोन इंचांपासून फुटाएवढे दगड ही यंत्रं घेतात. त्याहून मोठा धोंडा आत गेला तर जाळी वाकते, म्हणूनच धोंडे आधी काढायचे.

यंत्राची खोली लावताना हात आखडता ठेवा. दाते जेवढे खोल, तेवढी जाळीवर माती जास्त आणि डब्यात मातीही जास्त. पहिल्या पन्नास फुटांनंतर थांबून डब्यात बघा. तळाला ओंजळभर माती असेल तर ठीक, थर असेल तर खोली कमी करा, वेग कमी करा किंवा माती आणखी वाळू द्या. वेग माणसाच्या चालण्याहून कमीच असावा.

दगड चिरडून बारीक करणारी आणि खाली गाडणारी यंत्रंही असतात. गाडणाऱ्या यंत्राचा रोटर उलटा फिरतो, जाळीमुळं मोठे दगड आधी खाली पडतात आणि बारीक माती वर येते. भाजीपाल्याच्या वाफ्याला हे उत्तम. चिरडणाऱ्या यंत्राला मोठ्या अश्वशक्तीचा ट्रॅक्टर लागतो आणि आपला काळा पाषाण त्याचे दाते झपाट्यानं झिजवतो. आपल्या माळांसाठी मी ते सुचवणार नाही.

शेवटची वेचणी हातानंच होते, आणि ती बायाच नीट करतात. चार-पाच जणींची टोळी घमेली घेऊन मागं असली की मशीननं सोडलेलं सगळं निघतं. मात्र यंत्र चालू असताना त्यांना पन्नास फूट लांब ठेवा, कारण फिरत्या ड्रममधून गोटा गोफणीतून सुटावा तसा उडतो. जाळीत दगड अडकला तर पीटीओ (ट्रॅक्टरच्या मागून यंत्र फिरवणारा दांडा) बंद, इंजिन बंद, किल्ली खिशात, मगच हात घालायचा. पीटीओ शाफ्टवरचं संरक्षक कवच काढलेलं असेल तर काम सुरूच करू नका. पदर, ओढणी, शालीचं टोक त्यात गुंतलं तर सोडवायला वेळ मिळत नाही.

सगळेच खडे काढायची हौस नको. सुपारीएवढे खडे उन्हात मातीवर आच्छादनाचं काम करतात, ओल धरतात, धूप थोपवतात. डाळिंबाला त्यांचा काही त्रास नाही. भुईमूग, बटाटा, गाजर घ्यायचं असेल किंवा पेरणी यंत्र चालवायचं असेल तरच बारकाईनं वेचा.

दगडाचं काय करायचं

ओढ्यात टाकू नका, पुराचं पाणी तुमच्याच रानात वळतं. उताराला आडवी ताल, म्हणजे दगडांचा बांध, घाला. ओघळ असेल तिथं अनगड दगडी बांध घाला: तळाला चर घेऊन पाया, दोन्ही टोकं काठात रुतवलेली, मोठे दगड बाहेर आणि बारके पोटात, आणि माथा मधोमध कडेपेक्षा खोलगट. मधला भाग उंच राहिला तर पाणी कडेनं फोडून जातं आणि ओघळ दुप्पट रुंद होते. उरलेला दगड विहिरीच्या कडेला, शेतरस्त्याला, गोठ्याच्या पायाला वापरा. दगड किंवा मुरूम शेताबाहेर विकायला न्यायचा विचार असेल तर तो गौण खनिजात मोडतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ प्रमाणं विनापरवाना वाहतुकीला दंड आहे. आधी तलाठी आणि तहसील कार्यालयात विचारा, वाहतुकीचा परवाना घ्या, मगच ट्रॉली हलवा.

माती परत जिवंत करणं

मशीन गेल्यावर रान दाबलेलं असतं. चिझलची एक पाळी घाला. मग गाळ. तलाव-बंधाऱ्यातला गाळ शेतात नेण्यासाठी राज्य सरकारनं २०१७ मध्ये 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना आणली, तुमच्या भागात ती चालू आहे का हे पंचायत समितीत विचारा. गाळ घेण्याआधी त्याचा नमुना माती परीक्षणाला द्या, खारवट निघाला तर फुकट मिळाला तरी नको. एकरी चार-पाच ट्रॉली शेणखत घाला आणि पावसाच्या तोंडावर ताग किंवा धैंचा पेरून फुलोऱ्याच्या आधी गाडा. पहिल्याच वर्षी बाग लावायची घाई केली तर खड्डे खचतात, रोपं तिरकी होतात. एक हंगाम बाजरी, मटकी, हुलगा घ्या. कुठं पीक बुटकं राहतं ते बघून त्या जागांना पुन्हा माती घालता येते.

पहिल्या पावसाळ्यानंतर दिवाळीच्या आसपास रान पुन्हा फिरा. माती बसलेली असते, धुतलेली असते आणि गोट्यांची दुसरी खेप वर दिसते. ती पहिल्यापेक्षा बरीच कमी असते. रेकची एक पाळी आणि हाताची वेचणी एवढ्यावर भागते. त्यानंतर दर नांगरटीमागं ट्रॉली लावून चार दगड उचलायची सवय ठेवली की मशीन परत बोलवावं लागत नाही.